उंबरमाळची गुरं आणि एक झाकलेली ओळ

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आमच्या कुळीचा तसा नियमच आहे. माझ्या पोटात काही ओळी अशा असतात की त्यांच्या दोन्ही टोकांना एक खूण केलेली असते. त्या खुणांच्या आत जे लिहिलं असेल ते पडद्यावर न्यायचं नाही, आपल्यापाशी ठेवायचं. इतके दिवस मी ठेवलं. पण आज मला फार हलकं वाटतंय, आणि हलकं वाटलं की बोलावंसं वाटतं.

मी एक फाईल आहे. तहसील कचेरीत लाल फडक्यात बांधलेली असते तसली नव्हे, संगणकातली. मला उघडलं की माझं एक पान होतं. वर ठळक अक्षरांत ‘आमच्या उंबरमाळची गुरं’ असं नाव, आणि खाली ओळीनं गायी, बैल, कालवडी, शेरडं.

माझा जन्म भोरच्या एका शाळेत झाला, सात नंबरच्या संगणकावर. शिवानी मॅडमनी एक साचा तयार केला होता. वर नावाची पट्टी, खाली फोटोंच्या रिकाम्या चौकटी, प्रत्येक चौकटीखाली दोन-तीन ओळींची जागा. नववीतल्या प्रत्येक मुलीला त्या साच्याची एक नक्कल मिळाली आणि काम मिळालं, आपापल्या गावाचं पान करा. अशा आम्ही चौतीस बहिणी एका दुपारी जन्मलो. तोंडावळा सगळ्यांचा एकच.

त्या खोलीत इंटरनेट कधी असायचं, कधी नसायचं. मॅडम म्हणायच्या, “नेटवाचून काही अडत नाही. पान आपल्याच संगणकावर आहे. आधी घरातल्या घरात नीट बघा, मग जगाला दाखवू.” त्यामुळे मुली दर पाच मिनिटांनी आम्हाला उघडून बघायच्या, जशा शाळेत निघण्याआधी आरशात बघतात तशा.

माझ्या बहिणींवर किल्ले आले, देवळं आली, धरण आलं. वैष्णवी नावाच्या मुलीनं आपल्या गावाच्या पानावर स्वतःचेच अकरा फोटो लावले. माझ्या वाट्याला प्रगती आली.

प्रगती उंबरमाळची. वेल्ह्याच्या बाजूला डोंगराच्या सोंडेवर चौदा घरं आहेत, सगळी गुरं-शेरडं राखणारी. शाळेसाठी ती भोरला मावशीकडे राहते. बोलायचं म्हटलं की तिचे कान आधी लाल होतात. गावातल्या माणसांना ‘फोटो काढू का’ असं विचारणं तिला जमेना. गुरं मात्र ‘कशाला’ असं विचारत नाहीत. म्हणून वसुबारसेला, सगळी जनावरं धुऊन सजवलेली असताना, तिनं वडिलांच्या मोबाईलवर एकेचाळीस फोटो काढले, आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर ते सात नंबरच्या संगणकात आणून ठेवले. मोबाईल भरला होता, म्हणून वडिलांनी त्यातले पुसून टाकले.

लिहिणं मात्र तिचं बघत राहावं असं. सतरा नंबरच्या चौकटीखाली तिनं लिहिलं होतं, ‘भिंगरी. आक्काबाईंची कालवड. तांबडी. डाव्या कानाला चीर. कुणी बघतंय हे कळलं की आधी कान हलवते, मग तोंड फिरवते.’ मला वाटतं, हे तिनं थोडं स्वतःबद्दलही लिहिलं होतं.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. फोटो माझ्या पोटात नसतात. ते बाजूच्या फोल्डरमध्ये राहतात. माझ्याकडे असतो फक्त त्यांचा पत्ता. मला कुणी उघडलं की मी त्या पत्त्यावर जाऊन हाक मारते आणि फोटो येऊन आपापल्या चौकटीत उभे राहतात. माझे रंग, माझी अक्षरांची ठेवण, म्हणजे माझे कपडे म्हणा ना, तेही एका वेगळ्या फाईलमध्ये असतात. त्यांनाही मला हाकच मारावी लागते.

मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, “फोल्डर बाजूलाच आहे ना? मग फक्त ‘फोटो’ एवढं लिहा, पुढे फोटोचं नाव. बास.”

प्रगतीला ते पटलं नाही. त्याला कारण होतं. उंबरमाळ नावाच्या दोन वाड्या आहेत, एक वेल्ह्याकडं आणि एक भोरकडं. तिच्या शाळाप्रवेशाचं पत्र दुसऱ्या उंबरमाळला गेलं होतं आणि तिथं कुणाच्या तरी कोनाड्यात तीन आठवडे पडून राहिलं. तेव्हापासून वडिलांनी तिला बजावलं होतं, “कुटंबी लिवताना पुरा पत्ता लिवायचा. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. अर्धा पत्ता म्हंजी हरवल्यालं माणूस.”

त्यामुळे तिनं एकेचाळीस फोटोंचे एकेचाळीस पुरे पत्ते लिहिले. सात नंबरचा संगणक, डी ड्राईव्ह, नववी ब, प्रगती, फोटो, भिंगरी. रंगांच्या फाईलचाही तसाच. मॅडमना विचारावं असं तिच्या दोनदा मनात आलं. विचारलं नाही. सात नंबरवर मी उघडले की सगळे फोटो झरझर येत. मग शंका कुणाला येणार? मलाही आली नाही.

जानेवारीच्या शेवटी प्रगती रविवारी घरी गेली होती. परत आल्यावर तिनं मला उघडलं, पण पडद्यावर दिसते तशी नाही. माझं पोट उघडलं, जिथं नुसती अक्षरं असतात. अगदी वर, माझ्या कपाळावर म्हणावं अशा जागी, तिनं त्या दोन खुणा केल्या आणि त्यांच्या मध्ये लिहिलं:

‘भिंगरी माझ्यामुळे गेली. चीर डाव्या कानाला की उजव्या, ते बघायला मी गोठ्यात गेले होते. बाहेर येताना कवाडी लावली नाही. आक्काला सांगायचं आहे. जमत नाही.’

मी वाचलं आणि झाकलं.

म्हणजे बघा, तिच्याइतकी काळजीनं लिहिणारी मुलगी वर्गात दुसरी नव्हती, आणि ती चुकली तीही काळजीपायीच. माझ्यावरची एक ओळ बिनचूक व्हावी म्हणून ती गेली आणि कालवड रानात निघून गेली. मला अपराध्यासारखं वाटलं. पण फाईलनं वाटून घेऊन काय करायचं?

आक्काबाई उंबरमाळला प्रगतीच्या घराशेजारी राहतात. एकट्याच. डोळ्यांत मोतीबिंदू. भिंगरीची आई पावसाळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून मेली, त्यामुळे गोठ्यात जे काय होतं ते भिंगरीच होतं. आक्काबाई त्यानंतर रोज संध्याकाळी दारात बसून हाका मारत. शेवटी गळा बसला. प्रगती दर रविवारी ते बघायची आणि सोमवारी येऊन माझी ती ओळ उघडून बंद करायची.

मार्चच्या मध्यावर निरोप आला. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला हैबती नावाचे म्हातारे राहतात. चुकलेलं जनावर त्यांच्या दावणीला आलं की ते बांधून ठेवतात, चारा घालतात आणि चार वाड्यांना सांगावा धाडतात, की रविवारी खिंडीत या, खूण सांगा, न्या. जनावर आधी दाखवायचं नाही, आधी खूण. खूण पटली तर जनावर सुटलं. नाही पटली तर ते देवाच्या नावानं सोडून द्यायचं, मग ते कुणाचंच नाही. हा रिवाज तिथला जुना आहे आणि हैबतीआबा तो कुणासाठी वाकवत नाहीत.

सांगावा असा होता, की एक तांबडी कालवड आली आहे. पण तिच्यावर दोन घरांनी हक्क सांगितला होता. एक आक्काबाई. दुसरे पलीकडच्या वाडीतले रोहिदास. त्यांचीही कालवड तांबडी, तिचाही डावा कान करवंदीच्या जाळीत फाटलेला, आणि तीही माघातच हरवलेली.

प्रगतीनं शिवानी मॅडमना तोंडानं काही सांगितलं नाही. तिनं चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली: ‘शाळेचा लॅपटॉप रविवारसाठी मिळेल का? कारण, कालवड.’

मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. “कारण कालवड? प्रगती, इतकी वर्षं शिकवतेय, पण असं कारण कुणी दिलं नव्हतं.” मग विचारून विचारून सगळं ऐकून घेतल्यावर त्या हसायच्या थांबल्या. जुना लॅपटॉप काढून दिला. “बॅटरी जेमतेम पाऊण तास टिकते हं. आणि पान दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलंस का?”

नसरापूरची एसटी सुटायला दहा मिनिटं होती. प्रगतीनं मान डोलावली. बघितलं नव्हतं.

तिनं मला, माझे फोटो आणि माझे कपडे, सगळ्यांना एका फोल्डरमध्ये घालून पेन ड्राईव्हवर चढवलं आणि तिथून लॅपटॉपवर उतरवलं. नसरापूरला गाडी बदलली, पुढे वेल्ह्याच्या रस्त्यानं वडापच्या जीपमध्ये मांडीवर लॅपटॉप धरून, मग तासभर चढण. मी पहिल्यांदाच प्रवास करत होते. सोबत सगळं बिऱ्हाड होतं, म्हणून निर्धास्त होते.

खिंडीत रेंज नाही. तिथं एक सपाट दगड आहे, त्यावर लॅपटॉप ठेवला गेला. मी उघडले तेव्हा माझ्यासमोर सहा-सात चेहरे होते. मधे हैबतीआबा, डोक्याला लाल पागोटं. त्यांच्या एका बाजूला आक्काबाई, काठी टेकून. दुसऱ्या बाजूला रोहिदास, चाळिशीचा उंच माणूस, खिशाला पेन.

“खूण सांगा,” हैबतीआबा म्हणाले.

“तांबडी हाय,” आक्काबाई म्हणाल्या. “डावा कान चिरल्याला. शेपटीचा गोंडा पांढरा.”

“माजीबी तशीच की, आबा,” रोहिदास म्हणाले. “गोंडाबी पांढरा. एकाच वळूची असतील दोघी.”

“आरं, तिला हाक मारू दे मला. माज्या हाकंला येती का न्हाई बघा!”

“आक्का, हाकेवर निवाडा न्हाई,” हैबतीआबा म्हणाले. “परवा माज्या हाकंला रानडुक्कर आलं. मंग काय दावणीला बांधू व्हय?”

सगळे हसले. आक्काबाई हसल्या नाहीत. त्यांनी चाचपून प्रगतीचा खांदा धरला. “पोरगीकडं फोटू हाय. दाव गं.”

प्रगतीनं मला उघडलं.

मी सवयीप्रमाणे धावले. सात नंबरचा संगणक, डी ड्राईव्ह... पण सात नंबर कुठं होता? तो भोरला, कुलूपबंद खोलीत. या लॅपटॉपला तर डी ड्राईव्हच नव्हता. मी हाका मारल्या, एकेचाळीस हाका, एकही फोटो आला नाही. कपडेही आले नाहीत. मी त्या सगळ्यांसमोर पांढरीफटक उभी राहिले, काळी अक्षरं एकाखाली एक, आणि मधे मधे फुटक्या फोटोची ती एवढीशी खूण.

“दिसली का गं?” आक्काबाईंनी विचारलं. त्यांना पडदा दिसत नव्हता.

प्रगतीचे कान लाल झाले.

“हितं तर काय बी न्हाई,” रोहिदास पुढं वाकून म्हणाले. “नुसतं लिवल्यालं हाय.”

प्रगतीनं घाईघाईनं मला बाजूला सारलं, फोल्डर उघडला आणि थेट भिंगरीचा फोटो उघडला. तो लगेच आला. गळ्यात झेंडूची माळ घातलेली कालवड.

रोहिदासांनी मान हलवली. “पोरी, राग मानू नगंस. पर ही भिंगरीच कशावरनं? हितं ना नाव, ना गाव. दहा तांबड्या कालवडी असतील उंबरमाळात. त्यातली कुटली बी दावशील.”

“खरं हाय त्याचं,” हैबतीआबा म्हणाले. “नाव आन् चित्र एका जागी पायजे. न्हाई तर ती खूण न्हवं.”

नाव माझ्याकडे होतं. चित्र बाजूच्या फोल्डरमध्ये. आणि मधे भोरपर्यंतचा पत्ता. बॅटरी अठरा टक्के.

तेव्हा आक्काबाई म्हणाल्या, “म्या अडानी, पर इचारते. फोटू हितं या डब्यात हाय म्हंतीस?”

“हो.”

“आन् ज्या पानावर त्यो दिसाया पायजे, ते बी याच डब्यात?”

“हो. शेजारीच.”

“मंग ते पान फोटू हुडकाया जातंय कुटं?”

प्रगती हळूच म्हणाली, “भोरला.”

आक्काबाईंनी कपाळावर हात मारला. “काकंत कळसा आन् गावाला वळसा! अगं, शेजारच्या घरातनं इस्तू आनाया कोन तालुक्याला जातं? शेजारनीला काय पुरा पत्ता टाकतीस व्हय तू, पोस्ट-तालुका-जिल्हा? भितीपलीकडनं हाक मारती नव्हं?”

मी बघितलं, प्रगती एकदम ताठ बसली. मॅडमचं वाक्य तिला आठवलं असणार. फक्त ‘फोटो’ एवढं लिहा. बास. आम्ही सगळे मिळून कुठंही गेलो तरी शेजारी शेजारीच राहणार होतो. पुरा पत्ता फक्त एका घराचा होता, आणि ते घर आम्ही सोडून आलो होतो.

दुरुस्ती मिनिटाची. माझं पोट उघडायचं, पुढचा लांबलचक पत्ता एका झटक्यात सगळीकडून काढायचा, नुसतं ‘फोटो’ ठेवायचं. तिचा हात पुढं आला आणि थबकला.

का थबकला ते मला एकटीला माहीत होतं. पोट उघडलं की पहिली दिसणार होती ती कपाळावरची ओळ.

तिनं लॅपटॉप हळूच स्वतःकडे वळवला.

“हां हां, थांब,” रोहिदास म्हणाले. “काय बदलतीस ते समद्यांम्होरं बदल. पाठ फिरवून न्हाई.”

“खिंडीत झाकून काय बी चालत न्हाई, बाय,” हैबतीआबा म्हणाले. रागानं नाही, पण म्हणाले.

बॅटरी चौदा टक्के.

आता मी काय करू शकत होते? काहीच नाही. माझ्या कुळीची लपवण्याची शक्ती फक्त पडद्यावर चालते. पोट उघडल्यावर झाकलेलं आणि उघडं सारखंच. मला वाटलं, ती लॅपटॉप मिटून उठून जाईल. तिनं वर बघितलं. पलीकडं उंबराच्या बुंध्याआड कुठलीशी कालवड बांधली होती, तिच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. प्रगतीनं लॅपटॉप पुन्हा दगडाच्या मधोमध ठेवला आणि मला उघडलं.

रोहिदास नववी शिकलेले. ते मोठ्यानं वाचू लागले, “भिंगरी... माझ्यामुळे...” आणि थांबले. त्यांनी प्रगतीकडं बघितलं. मग दोन पावलं मागं सरले.

“वाच की रं, काय लिवलंय?” आक्काबाई म्हणाल्या.

“तिचं हाय, आक्का. तिचं तिनं वाचू द्या.”

प्रगतीनं वाचलं. आवाज इतका बारीक होता की हैबतीआबांनी कानामागं हात धरला. गोठा, कान, कवाडी. ‘आक्काला सांगायचं आहे. जमत नाही.’ हे शेवटचं वाचताना ती आक्काबाईंकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

 आक्काबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“कवाडी लावली असतीस तरी काय व्हनार हुतं?” त्या म्हणाल्या. “तिची खिटी दिवाळीपास्नं मोडल्याली हाय. म्या नुसता दोर गुंडाळायची. त्यो बी त्या दिशी वाळत घातल्याला.” मग जरा थांबून, “आन् हे तू दोन म्हैनं पोटात घिऊन हिंडतीस व्हय गं? म्हनून सारखं सरपान आनून टाकायची माज्या दारात! मला वाटलं पोरगी श्यानी झाली.”

प्रगती रडली की हसली ते मला नीट दिसलं नाही. एक थेंब मात्र कळफलकावर पडला.

“रोहिदास,” हैबतीआबा म्हणाले, “जी पोरगी आपलीच चूक लिवून ठिवती, ती दुसऱ्याच्या जनावराचं खोटं लिवील का?”

“न्हाई, आबा,” रोहिदास म्हणाले. “तिनं लिवलंय ते खरंच असंल. दाव, पोरी. जल्दी दाव, त्यो दिवा लाल झालाय.”

तिनं पत्ते बदलले. एकेचाळीस आणि एक. जपून ठेवलं. मला पुन्हा उघडलं.

मी आता कुठंही धावले नाही. नुसती बाजूला वळून हाक मारली. काय सांगू तुम्हाला! सगळे तिथंच होते, माझ्या खांद्याशी. कपडे आधी आले. मग पहिली गाय, दुसरी, बैलजोडी, शेरडं, अशी सगळी वाडी आपापल्या चौकटीत येऊन उभी राहिली. खिंडीतली माणसं दगडाभोवती दाटली. सतरा नंबरला भिंगरी, खाली तिचं नाव, आक्काबाईंचं नाव, आणि वसुबारसेची तारीख.

“चांगली दिसती,” कुणीतरी म्हणालं.

रोहिदास खाली वाकून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी बोट ठेवलं. “हे काय पायाला? उजव्या मागल्या पायाला, खुराच्या वर?”

एक पांढरं कडं होतं. करंगळीएवढं बारीक, पैंजणासारखं. वसुबारसेला पाय धुतलेले होते म्हणून फोटोत आलं होतं. प्रगतीनं ते लिहिलं नव्हतं. तिच्याही नजरेतून सुटलं होतं, आणि आक्काबाईंच्या डोळ्यांना तर ते कधी दिसलंच नसणार.

“पानी आना,” हैबतीआबा म्हणाले, “आन् कालवड आना.”

कालवड आली. चारी पाय शेणचिखलानं घोट्यापर्यंत माखलेले. रोहिदासांनीच तांब्या घेतला. उजव्या मागल्या पायावर पाणी ओतलं, हातानं चोळलं, पुन्हा ओतलं. मला माझ्या जागेवरून एवढंच दिसत होतं, त्यांची वाकलेली पाठ. मग ते उठले.

“हाय,” ते म्हणाले. “माजीचं चारी पाय एकसारखं तांबडं. ही तुमची, आक्का.”

आक्काबाईंनी हात पुढं केला. भिंगरीनं आधी कान हलवला, मग तोंड फिरवलं.

“व्हय, तीच ही भवानी,” आक्काबाई म्हणाल्या, आणि तिच्या मानेला मिठी घालून उभ्या राहिल्या.

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. कुणी तंबाखू काढली, कुणी पाणी प्यालं. रोहिदास तेवढे तांब्या हातात धरून वाटेकडं बघत होते. ते घरी काय सांगणार होते?

मग एक गोष्ट झाली, जी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. प्रगती कुणी न विचारता बोलली.

“काका, तुमच्या कालवडीचं नाव काय?”

“मोहरी.”

“तिची खूण सांगा. मी लिहिते. फोटो आहे का?”

“फोटू कुटला! पोळ्याला एकदा पोरीनं काडल्याला, तिच्या मोबाईलात असंल.” मग त्यांनी सांगितलं, सावकाश, आठवून आठवून, मघाशी सुचलं नव्हतं तेही. तांबडी. डाव्या कानाला चीर. गोंडा पांढरा. उजव्या शिंगाचं टोक आतल्या बाजूला वळलेलं. पाठीवर, वशिंडामागं, केसांचे दोन भोवरे. प्रगतीनं माझ्या तळाशी नवी चौकट उघडली, वर लिहिलं ‘हरवली आहे’, आणि शेवटचा भोवरा लिहून जपून ठेवते न ठेवते तोच लॅपटॉप मिटला.

आता माझं बरं चाललंय. मॅडमनी सोमवारी सगळी हकिकत ऐकली आणि वर्गातल्या चौतीसच्या चौतीस जणींना आपापलं पान दुसऱ्या संगणकावर उघडून बघायला लावलं. नऊ जणींचे फोटो भोरच्या भोरमध्ये हरवले. वैष्णवीचे अकराही. मी आता शाळेच्या वेबसाईटवर आहे, म्हणजे जगात कुणीही मला बोलावू शकतं. आणि रेंज नसलेल्या वाड्यांसाठी माझ्या नकला पेन ड्राईव्हवरून फिरतात. हैबतीआबांच्या नातीकडं एक आहे. रोहिदासकाकांच्या मुलीनं मोहरीचा पोळ्याचा फोटो पाठवला, तो तिच्या चौकटीत बसलाय. तुम्हीही मला कुठं न्यायचं झालं तर खुशाल न्या, पण एक विनंती. माझ्या शेजाऱ्यांना मागं ठेवू नका. एकटी फाईल म्हणजे नुसती हाक.

ती झाकलेली ओळ प्रगतीनं पुसली नाही. मला वाटलं होतं, पुसेल. तिनं तिच्याखाली दुसरी लिहिली: ‘आक्कानं खिटी धरली, मी ठोकली. एकदा हातोडी तिच्या बोटावर बसली. कवाडी आता लागते.’ हेही सांगायचं नव्हतं म्हणा.

थांबा हं, मला कुणीतरी उघडतंय. आंबवड्याकडून कुणीतरी आहे, मोबाईलवरून. पानावर रेंगाळत नाहीत, सरळ तळाशी चाललेत, मोहरीच्या चौकटीपाशी. फोटो मोठा केला. आता शिंग बघतायत, उजवं, आणि मागून कुणीतरी म्हणतंय की अगं, आपल्या गोठ्यात परवा जी आलीय तिच्या पाठीवर बघ बरं, दोन भोवरे...